पत्रांचा ढीग आणि तारखेची ओळ

शाळेच्या कचेरीत पूर्वी आवक-जावक नोंदवही असे. आलेल्या प्रत्येक पत्राला क्रमांक पडे. तारीख, कोणाकडून, विषय काय आणि पुढे कार्यवाही कोणती झाली, असे तिचे रकाने असत. लेखनिकाने ते भरल्यावाचून पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर जात नसे. आज बहुतेक टपाल संगणकावर आणि हातातील फोनवर येते, आणि लेखनिकाचे ते काम ज्याचे त्याला करावे लागते. किंबहुना ई-पत्राचा इतिहास हा पत्र पाठविण्याचा जितका आहे, तितकाच आलेले पत्र हाती राखण्याचाही आहे.

एकाच संगणकावर काम करणाऱ्यांनी एकमेकांसाठी निरोप ठेवावेत, ही सोय अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे 1965 मध्येच झाली होती. परंतु एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडले ते रे टॉमलिन्सन यांनी, 1971 मध्ये. ती दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती! पत्र मात्र आर्पानेट या जाळ्यातून फिरून आले. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये काय घालावे, या प्रश्नावर टॉमलिन्सन यांनी टंकफलकावरचे '@' हे चिन्ह निवडले. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या बिलांत हेच चिन्ह 'दराने' या अर्थाने येत असे. त्याला असे भाग्य लाभेल, हे कोणाच्या स्वप्नातही नसेल. पहिल्या पत्रात काय लिहिले होते, असे पुढे लोक त्यांना विचारीत. ते आपणांस आठवत नाही, असे ते प्रांजळपणे सांगत.

पत्रे सुरू झाली आणि वर्षभरातच ढीग झाला. त्या वेळी पेटी उघडली की सारी पत्रे एकामागून एक समोर येत. मधले एखादे निवडून वाचावे, ही सोय नव्हती. जाळे उभारणाऱ्या सरकारी संस्थेतील अधिकारी लॅरी रॉबर्ट्स यांनी 1972 मध्ये यावर एक लहानसा कार्यक्रम लिहिला. पत्रांची यादी पाहावी, हवे ते उघडावे, जपून ठेवावे, दुसऱ्याकडे धाडावे, उत्तर द्यावे, एवढीच त्याची कामे. आज आपण वापरतो त्या प्रत्येक टपालपेटीत हीच पाच कामे आहेत. बाकीचा पसारा मागाहून आला.

1973 च्या सप्टेंबरात पत्राच्या माथ्यावर काय असावे, याचा एक मसुदा चौघांनी मांडला. कोणाकडून, कोणत्या तारखेस, कोणत्या विषयी: आमच्या नोंदवहीतलेच रकाने! त्या चौघांत टॉमलिन्सन तर होतेच, शिवाय अलाहाबादचे अभय भूषण होते. हे कानपूरच्या आय. आय. टी.च्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. मराठी घरांतील भिंतीवर 'कालनिर्णय' आले तेही 1973 सालीच. दुधाचा खाडा, गॅसच्या टाकीची तारीख आणि लग्नाचे मुहूर्त त्याच चौकोनांत पेन्सिलीने लिहिले जाऊ लागले. योगायोगच हा, पण मला तो आवडतो.

पत्राची शिस्त अशी लवकर बसली. वेळेची बसावयास मात्र आणखी पंचवीस वर्षे लागली. आमच्या चर्चची घंटा पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी वाजते, ती साऱ्या गावासाठी एकच असते. पण प्रत्येकाच्या दिवसाची घंटा निराळी, आणि दोघांनी भेटावयाचे तर दोन वह्या जुळाव्या लागतात. पत्रात 'गुरुवारी चार वाजता' असे लिहिले तर ते माणसाला कळे, यंत्राला कळत नसे. 1998 च्या नोव्हेंबरात यासाठी एक सामायिक लेखनपद्धती प्रसिद्ध झाली. तिचे दोन संपादक लोटस आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्धी कंपन्यांतले होते, हे विशेष. आरंभ केव्हा, शेवट केव्हा, काम कोणते, आणि वेळ कोणत्या देशाची, हे साध्या ओळींत लिहावयाचे. त्यामुळे हिवाळ्यात लंडनहून कोणी दुपारी चारचे निमंत्रण धाडले, तर आपल्या दिनदर्शिकेत ते रात्री साडेनऊला जाऊन बसते. बोटे मोडून हिशेब करावा लागत नाही.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट खुले झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पुढल्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल ही मोफत टपालसेवा सुरू केली. 2004 मध्ये जीमेल आले. पत्रे पुसू नका, शोधा, हा त्याचा बाणा. 2006 मध्ये त्याच्या जोडीस गूगलची दिनदर्शिका आली. मात्र 'शोधा' हा उपाय अपुरा आहे, असे माझे मत आहे. पत्र आले आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो शोधणार काय?

हे मी अनुभवाने बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका माजी विद्यार्थिनीने उच्च शिक्षणासाठी शिफारसपत्र मागितले होते. तिचे ई-पत्र दुकानांच्या जाहिराती आणि सभांच्या सूचना यांच्याखाली दबले. विषयाच्या ओळीत केवळ 'नमस्कार सर' असे होते. मी ते उघडले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. तिचे ते वर्ष गेले. यंत्राला दोष देण्यात अर्थ नव्हता. रकाना होता, तो पाहणारा लेखनिक झोपला होता.

तेव्हापासून सकाळी वर्गावर जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे मी टपालासाठी ठेवतो. ज्या पत्रात तारीख असेल, ती तारीख तेथल्या तेथे दिनदर्शिकेत जाते. एक स्मरण आठवडा आधी, दुसरे दोन दिवस आधी. ज्याला उत्तर द्यावयाचे त्याला तारा लावतो, आणि शनिवारी तारे उतरवितो. याहून अधिक विद्या मला येत नाही.

त्या मुलीने पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज केला, आणि शिफारसपत्रही पुन्हा माझ्याकडेच मागितले. विषयाच्या ओळीत या खेपेस नमस्कार नव्हता. अंतिम तारीख होती, आणि सोबत दिनदर्शिकेचे निमंत्रण. मी त्याच सकाळी पत्र लिहावयास बसलो.