बर्सर्कमधील मिथकजीव

केन्तारो मिउरा (1966–2021) यांच्या 1989 पासून प्रकाशित होणाऱ्या ‘बर्सर्क’ या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, अवतरलेले पुराकथा व लोककथांतील प्राणी. प्रारंभी या मध्ययुगीन युरोपसदृश जगात अमानवी म्हणून प्रामुख्याने ‘अपॉसल’, म्हणजे आप्तांचा बळी देऊन राक्षसी रूप मिळवलेली माणसे, वावरतात. पुढे इनॉक गावावर ट्रोल चालून येतात. 34 व्या खंडात सम्राट गनिष्काच्या अंतानंतर भौतिक व सूक्ष्म जगांमधील सीमा नष्ट होऊन ‘फँटेझिया’ हे एकत्रित जग घडते आणि ड्रॅगन, हायड्रा, युनिकॉर्न उघडपणे संचारू लागतात.

हे प्राणी मानवी कल्पनेतून जन्मले की स्वतंत्रपणे होतेच, आणि प्रत्येक प्रदेशात तिथल्याच लोककथांतील जीव प्रकटतील काय, हे वाचकांमधील वादाचे मुख्य मुद्दे आहेत. दुसऱ्या मुद्द्याला कथेतच वरवर आधार सापडतो, कारण गनिष्काच्या भारतीय छाप असलेल्या कुशाण सैन्यात पिशाच आणि सोंडेचा अजस्र मकर आढळतात. वेरूळच्या 21 क्रमांकाच्या लेण्यातील गंगेचे वाहनही मकरच आहे. मात्र कुशाणांचे हे जीव मांत्रिकांनी घडवलेले असल्याने त्यांची गणना फँटेझियातील मूळ जीवांत करणे योग्य ठरत नाही. नायक गट्सची ‘ड्रॅगनस्लेयर’ ही तलवार गोडो या लोहाराने ड्रॅगन मारण्यासाठी घडवली, तेव्हा तो प्राणी केवळ दंतकथेत होता. फँटेझियामुळे त्या अवजड, निरुपयोगी मानलेल्या शस्त्राचे नाव शब्दशः सार्थ होण्याची शक्यता निर्माण झाली, आणि मिउरांच्या रचनेतील ही दूरदृष्टी विशेष लक्षणीय आहे.