इंटरनेट दूरध्वनी : नॅट आणि फायरवॉल ओलांडणे

राउटर घरातल्या उपकरणांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते देतो आणि बाहेर सर्वांसाठी एकच सार्वजनिक पत्ता वापरतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. वेबपान मागवताना संवाद आतून सुरू होतो, त्यामुळे अडत नाही. फोनचे तसे नाही. कॉल जुळवणारे सिप संदेश सहसा ५०६० या पोर्टवरून जातात. आवाजाची पॅकेटे मात्र ऐनवेळी ठरलेल्या वेगळ्याच पोर्टवरून, आणि त्यांचा पत्ता सिप संदेशाच्या मजकुरात लिहिलेला असतो. तो खासगी असला तर रिंग वाजते, कॉल उचललाही जातो, पण एका बाजूचा आवाज पोहोचतच नाही.

स्टन सर्व्हर फोनला त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता व पोर्ट कळवतो. मग दोन्ही फोन एकमेकांकडे पॅकेटे पाठवतात. आतून काही गेलेले असल्याने, एरवी बाहेरून आपणहून आलेली पॅकेटे अडवणारी फायरवॉल उत्तराला वाट देते. दर ठिकाणासाठी वेगळे पोर्ट काढणाऱ्या नॅटपुढे हे बहुधा फसते. तेथे टर्न सर्व्हर मध्यस्थ होऊन आवाज पुढे पाठवतो. खर्चिक, पण भरवशाचा मार्ग. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेले आइस हे प्रमाण सर्व वाटा तपासून चालणारी निवडते. ब्राउझरमधून थेट कॉल करू देणाऱ्या वेबआरटीसीचा आधार तेच. अनेक राउटरांतील ‘सिप एएलजी’ ही सोय सिप संदेशांतले पत्ते दुरुस्त करायला जाते आणि बरेचदा कॉलच बिघडवते. ती बंद ठेवणे श्रेयस्कर.