कल्हई उडालेले पातेले

कार्ल्याकडे काय किंवा पुण्यात काय, स्टील येण्यापूर्वी कितीतरी घरांत दूध पितळेच्या पातेल्यात तापत असे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. दुधाचा संशय मात्र कोणाला आला नाही.

त्या काळी लहान मुलांना यकृताचा एक आजार होई. पोट फुगे, कावीळ होई, आणि बहुतेक मुले दगावत. यकृतात तांबे बेसुमार साठलेले सापडे. ते कोठून आले? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये बोट ठेवले ते पितळी भांड्यातल्या वरच्या दुधावर.

पितळेत जस्तही असते, मग तांब्याचीच एवढी चर्चा का? प्रथिने सर्व धातूंना सारखे धरत नाहीत. अर्व्हिंग आणि विल्यम्स यांनी १९५३ साली मांडलेल्या क्रमात तांब्याचा बंध जस्तापेक्षा घट्ट आहे. दुधातले केसीन तांब्याचे आयन धरून ठेवते. यकृतातल्या मेटॅलोथायोनीन या प्रथिनात गंधक असलेले सिस्टीनचे २० घटक असतात. एरवी तेथे जस्त बसते, तांबे आले की ते जस्ताला हुसकावते.

एकाच पातेल्यातले दूध पिणारी सगळी मुले आजारी पडत नसत, म्हणून आनुवंशिकतेचाही वाटा असावा असे आम्हाला वाटते. भांडी बदलली तसा आजार जवळजवळ नाहीसा झाला. त्याआधी पुण्यातल्या डॉक्टरांनी पेनिसिलामाइन देऊन पाहिले होते, आणि वेळेवर आलेली काही मुले वाचली. हा रेणूही गंधकानेच तांबे पकडतो व लघवीवाटे बाहेर नेतो.