खानदेश जिल्हा (जुना)

ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्याचा एक जिल्हा. आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे तीन जिल्हे ढोबळमानाने त्यात मोडत. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला कारभाराचे ठाणे केले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निघाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव व बागलाण तिकडे गेले. १९०६ मध्ये उरलेल्या मुलखाचे पूर्व खानदेश (ठाणे जळगाव) व पश्चिम खानदेश (ठाणे धुळे) असे दोन भाग झाले आणि जुना जिल्हा संपला. धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला तो १९९८ मध्ये.

जिल्हा म्हणजे मुख्यतः तापीचे मधले खोरे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस सह्याद्री. वायव्येला मात्र हद्द सातपुडा ओलांडून अक्राणीतून थेट नर्मदेपर्यंत जाई. भिल्ल-पावऱ्यांचा हा डोंगराळ टापू खालच्या काळ्या रानापेक्षा सर्वस्वी वेगळा. १९०६ ची वाटणी खोऱ्याला आडवी छेदून झाल्यामुळे सातपुड्याचा पायथा, तापी आणि कपाशीची काळी जमीन दोन्ही वाटेकऱ्यांना मिळाली.

गंमत अशी, की खोरे तापीचे असले तरी जुन्या शेतीला तापीचा उपयोग फारसा नव्हता. पात्र खोल, काठ उंच, कडेची जमीन घळींनी फाटलेली. पाणी वर चढवायचे कसे? मधल्या पट्ट्यात पाऊसही बेताचाच. त्यामुळे बागायत फुलली ती दक्षिणेकडून येणाऱ्या उपनद्यांवर, विशेषतः पांझरेच्या काठी. तिथली फडपद्धत हा या भूगोलाचा सर्वांत लक्षणीय मानवी भाग मानावा लागेल. नदीवर दगडी बंधारा घालून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या साली पिकांची फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन असल्याने उसाचा लाभ आणि कोरडवाहूचा तोटा सर्वांच्या वाट्याला येई. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला गावच देई. सरकारी पाटबंधारे खात्याच्या पुष्कळ आधीपासून चालत आलेली ही व्यवस्था आहे.

तापीच्या उत्तरेला चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात गाळाची जाड जमीन असून तिथे भर विहिरींवर. आजची केळीची ख्याती याच पट्ट्याची. १८६० च्या दशकात ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे आली ती तापीच्या दक्षिणेकडून. तिने भुसावळला जंक्शन केले आणि जळगावला कापसाची पेठ. धुळ्याला मात्र तिने बाजूला ठेवले. पूर्व भागाचे ठाणे जळगावला होण्यामागे या पेठेचा वाटा मोठा होता, असे मानायला हरकत नाही.