दलित एकांकिका : सहलेखकांच्या संहिता पुन्हा वाचताना

दलित रंगभूमीचा इतिहास लिहिताना अभ्यासक मोठ्या नाटकांपाशी थांबतात आणि एकांकिकेला उमेदवारीचे लेखन समजून पुढे जातात. मी स्वतः एकांकिका लिहिल्या, तरी पुष्कळ वर्षे माझीही समजूत तीच होती. सहलेखकांच्या संहिता पुन्हा वाचल्यावर ती मला सोडावी लागली. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमची एकांकिका पाश्चात्त्य वळणावर बेतलेली आहे, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. तिचे मूळ जलशात आहे. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहून नाटकाला शोषणाचा जाब विचारायला लावले. पुढे सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातील आशय बदलला. किसन फागूजी बनसोडे यांनी 'सनातन धर्माचा पंचरंगी तमाशा' लिहिला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशात गाण्यांच्या जोडीला छोटे फार्स असत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला थोडक्या वेळात समजेल, हसवील आणि अस्वस्थ करील असा हा प्रकार होता. कर्डकांनी ही हकीकत १९७८ साली पुस्तकरूपाने नोंदवली, म्हणून ती आज आपल्या हाती आहे.

१९५५ मध्ये त्या वेळच्या औरंगाबादेत, मिलिंद महाविद्यालयात, प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' उभे राहिले. अस्पृश्यतेचा युगानुयुगांचा प्रवास दाखविणाऱ्या या नाटकामुळे जलशाचा प्रेक्षक रंगमंचासमोर येऊन बसला. त्या वातावरणात शिकलेली मुले पुढे लिहू लागली.

प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका १९७७ ची. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. पन्नास वर्षांनंतरही एका लेखकाला घोटभर पाण्यावरच नाटक लिहावे लागते, यातच आपल्या स्वातंत्र्याचा हिशेब आला. दोन पात्रे, एक तहान आणि नेपथ्याचा बोजा नाही. मी हा प्रयोग एका वस्तीत पाहिला तेव्हा रंगमंच म्हणजे दोन बाकडी जोडून केलेला चौथरा होता. माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने प्रयोग संपल्यावर टाळी वाजवली नाही. तिने पदराने तोंड पुसले आणि ती उठून गेली. मला मात्र त्या रात्री थोडा मत्सर वाटला होता, हे आज कबूल करतो.

त्याला कारण होते. त्याच सुमारास एका स्पर्धेत माझ्या एकांकिकेला परीक्षकांनी 'प्रचारकी' म्हटले होते. मी संतापलो. आमची वेदना ज्यांना प्रचार वाटते त्यांच्याशी काय बोलायचे, असे मी सगळीकडे सांगत फिरलो. पण गज्वींची संहिता शेजारी ठेवून माझी वाचली तेव्हा दिसले की, माझा सरपंच पहिल्या वाक्यापासून दुष्ट होता आणि माझा नायक बोलत नव्हता, भाषण करीत होता. परीक्षकांचा शब्द अन्यायाचा होता; माझा दोष मात्र खरा होता. तो मला सहलेखकाने एक शब्दही न बोलता दाखवला.

दत्ता भगत यांच्या १९७८ च्या 'आवर्त'मध्ये लोकनाट्याची रीत नव्या प्रश्नासाठी राबते. त्यांचे पुढचे 'वाटा पळवाटा' हे मोठे नाटक चळवळीतील तीन पिढ्यांना समोरासमोर उभे करते आणि प्रश्न आपल्याच घरात आणते. मोजके बोलण्याची ही शिस्त त्यांना एकांकिकेने दिली असावी, असे मला वाटते.

आमच्या एकांकिका लहान का राहिल्या, याचा विचार सौंदर्यशास्त्राच्या आधी पोटाच्या बाजूने करावा लागेल. सभागृहाचे भाडे परवडत नसे. नट कारखान्यात पाळ्या करणारे. दोघांची पाळी जुळली तर तालीम. स्त्री-भूमिकेला कोणी मिळेना, म्हणून लेखक ती पात्रेच गाळीत. गाळलेल्या त्या आया-बहिणी आमच्या नाटकांतून बोलल्याच नाहीत, ही उणीव मी परिस्थितीवर ढकलून मोकळा होणार नाही. आम्ही त्यांना बोलावण्याचा पुरेसा प्रयत्नही केला नाही.

भालचंद्र फडके यांनी १९८२ मध्ये 'दलित रंगभूमी' हा एकांकिकांचा संग्रह संपादित केला, त्यामुळे काही संहिता वाचल्या. बाकीच्या कित्येक वहीच्या पानांवरच राहिल्या. माझ्या पहिल्या एकांकिकेची एकुलती एक प्रत तालमीत हातोहात फिरून फाटली. आज मला तिचा शेवट आठवत नाही.

म्हणून माझे सहलेखकांना सांगणे आहे. एकमेकांचा गौरव करणे सोपे आहे. त्याऐवजी एकमेकांच्या संहिता मागून घेऊ, वाचू, उणिवा तोंडावर सांगू आणि प्रत करून ठेवू. कोणत्या वस्तीत प्रयोग झाला, कोणी काम केले, लोक काय बोलले, तेही मागच्या पानावर लिहू. आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला नाही, ही तक्रार आपण खूप वर्षे केली. या वह्या कुजल्या तर तो दोष आपला असेल.