ग्रुपवर आलेला ‘तसा’ व्हिडिओ फोनमध्ये राहिला तर शिक्षा होते का?

व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड चालू असेल तर ग्रुपवरचा व्हिडिओ न उघडताही गॅलरीत येऊन बसतो. तो १८ वर्षांखालच्या मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक व्हिडिओ असेल तर? लगेच घाबरू नका. पण त्या फाइलचं तुम्ही पुढे काय करता, हे कायदा बघतो.

पोक्सो कायद्याचं कलम १५ २०१९ मध्ये बदललं. पुढे पाठवायच्या इराद्याने फाइल ठेवली, डिलीट केली नाही आणि कळवलंही नाही, तर किमान ५,००० रुपये दंड. पाठवण्या-दाखवण्यासाठी ठेवली तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विकण्यासाठी ठेवली तर किमान ३ वर्षं. आयटी कायद्याचं कलम ६७ब आणखी कडक आहे. त्यात नुसतं शोधणं, बघणं, डाउनलोड करणंही येतं. पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड.

‘पण इरादा सिद्ध कसा करणार?’ हाच वाद कोर्टात गेला होता. एका तरुणाच्या फोनमध्ये असे व्हिडिओ सापडले. फक्त डाउनलोड करून बघणं गुन्हा नाही, असं म्हणून मद्रास हायकोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये केस रद्द केली. २३ सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. प्रत्यक्षात पाठवलं नसलं तरी, फाइल जपून ठेवली, कळवली नाही, यावरून इरादा ठरवता येतो. ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दही वापरू नका, असं कोर्टाने सांगितलं. बरोबरच आहे. अशी प्रत्येक फाइल म्हणजे एका मुलावर झालेल्या अत्याचाराची नोंद असते.

‘एआयने बनवलंय, खरं कुणी नाही’ ही पळवाटही चालत नाही. खऱ्या मुलापासून वेगळं ओळखता येणार नाही असं कॉम्प्युटरने बनवलेलं चित्रही पोक्सोच्या व्याख्येत बसतं. आणि हो, १७ वर्षांच्या गर्लफ्रेंडने स्वतःहून पाठवलेला फोटोसुद्धा. तिची संमती इथे मोजली जात नाही.

आलंच तर ‘बघा काय चाललंय’ म्हणून मित्रांना फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉटही नको. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख लिहून घ्या. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मूल संकटात दिसलं तर १०९८. तक्रार झाली की फाइल चॅट, गॅलरी, ट्रॅश आणि गुगल फोटोजच्या बॅकअपमधूनही काढा.