पोराला पोलिसांनी उचललंय : तुरुंगाऐवजी वस्तीत काय करता येतं?

रात्री साडेअकराला फोन येतो, "दादा, पोराला उचललंय, लवकर या." वस्तीत काम करणाऱ्या बहुतेक कार्यकर्त्यांनी असा फोन कधी ना कधी घेतलेला असतो. आम्हीही घेतला आहे. अशा वेळी भावना उफाळून येतात, पण कायद्याची माहिती नसते. ती माहिती प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक युवक मंडळात असावी म्हणून हा लेख.

कायद्याची दिशा

१८ वर्षांखालील मुलांसाठी बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू आहे. तो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला. या कायद्यात 'गुन्हेगार' नव्हे, तर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द आहे. कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्वे दिली आहेत. मूल निर्दोष मानावं, त्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची असावी, संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय असावा आणि त्याला नवी सुरुवात करू द्यावी. म्हणजे मुलाला घरी, वस्तीत ठेवून सुधारणं ही कुणाची मेहेरबानी नाही. कायद्याचा मूळ रस्ता तोच आहे.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगण्यात आला. लोक संतापले आणि तो संताप खरा होता. पण त्यातून 'सगळ्याच पोरांना आत टाका' अशी जी मागणी उठली, तिचा पहिला फटका आपल्याच वस्त्यांना बसेल. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या कलम १२ खाली श्रीमंताच्या मुलाला काही तासांत जामीन मिळतो, तेच कलम मोबाईल चोरीच्या संशयावरून धरलेल्या आपल्या पोराच्या वेळी कुठे जातं? सवलत काढून घेण्याची नव्हे, सर्वांना सारखी देण्याची मागणी आपण केली पाहिजे. समता म्हणजे तीच.

पहिले २४ तास

१. मुलाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बेड्या घालता येत नाहीत. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं.

२. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. ठाण्यात गेल्यावर आधी त्यालाच भेटायचं.

३. वयाचा पुरावा सोबत न्या. कलम ९४ नुसार शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहतात. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. कागद नसल्यामुळे कितीतरी मुलांचं वय '१९' लिहिलं जातं आणि ती थेट मोठ्यांच्या तुरुंगात जातात. तसं झालंच तर अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, कोणत्याही न्यायालयात मांडता येतो.

४. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार एफआयआर फक्त किमान ७ वर्षे शिक्षेच्या अतिगंभीर गुन्ह्यात किंवा प्रौढांसोबत मिळून केलेल्या गुन्ह्यात नोंदवायचा असतो. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल पुरेसा असतो. आंदोलनात ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर वस्त्यावस्त्यांत धरपकड झाली, त्यात अल्पवयीन पोरंही होती. मोठ्यांसोबत नाव आलं की मुलावरही एफआयआर होतो. मोर्चात कोवळ्या पोरांना पुढे करणाऱ्या नेत्यांनी याचा विचार करावा.

५. वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

जामीन आणि नंतरचे पर्याय

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी किमान एक महिला असते. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडणं हाच नियम आहे. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असं वाटण्यासारखी सबळ कारणं असतील तरच जामीन नाकारता येतो. ती कारणं लेखी द्यावी लागतात. जामीनदाराशिवायही सोडता येतं. अटी पुऱ्या न झाल्याने मूल सात दिवसांत सुटलं नाही, तर त्या अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने वाढवता येतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यातही संपली नाही तर ती बंद होते. चोरीसारखा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा किरकोळात मोडतो.

दोष सिद्ध झाला तरी कलम १८ मध्ये अनेक वाटा आहेत. समज देऊन घरी पाठवणं, गट समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या किंवा 'योग्य व्यक्ती'च्या देखरेखीखाली तीन वर्षांपर्यंत परिवीक्षा. जोडीला शाळा, धंदेशिक्षण किंवा व्यसनमुक्तीचा आदेशही देता येतो. विशेष गृह या यादीत शेवटी येतं. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यमापन होतं आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. तिथेही फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

विहाराची भूमिका

आमच्या कामातला एक अनुभव सांगतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोळा वर्षांचा मुलगा, वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. त्याने एका हातगाडीवाल्याचा मोबाईल उचलला. दाखला शोधण्यात रात्र गेली, दुसऱ्या दिवशी मंडळाने त्याला आईच्या ताब्यात दिलं. पुढे आदेश झाला तो समुपदेशनाचा आणि समाजसेवेचा. विहारातल्या अभ्यासिकेत पुस्तकं लावायची, झाडलोट करायची.

विहार समितीत वाद झाला. "चोराला विहारात कशाला? मुली अभ्यासाला येतात," असं एक काका म्हणाले. त्यावर एक आजी एवढंच बोलल्या, "अंगुलिमालाला संघात घेतलं, आणि हे पोरगं मोबाईलपायी नको?" बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अंगुलिमालाची धम्मदीक्षा मुद्दाम सांगितली आहे, आणि आपण दर वर्षी वर्षावासात तो ग्रंथ वाचतो. समिती तयार झाली. काकांची काळजी मात्र रास्त होती, म्हणून अभ्यासिकेत एक जबाबदार माणूस कायम हजर राहील असं ठरलं.

गोष्ट इतकी सरळ चालली नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलगा गायब झाला. आईबरोबर आम्ही त्याला शोधलं, तो नाक्यावर जुन्या टोळक्यात सापडला. परत आणला. हातगाडीवाल्याचं नुकसानही खरंच होतं, त्यावर समुपदेशनात स्पष्ट बोलणं झालं. आज तो आयटीआयला जातो. सगळेच असे सावरतात असा दावा आम्ही करत नाही. पण निरीक्षण गृहात राहिला असता तर त्याच्यामागे धावणारं कुणी नसतं, हे नक्की.

प्रत्येक युवक मंडळाने करावं असं

- दोन-तीन विश्वासू माणसं ठरवा आणि मंडळाकडून 'योग्य व्यक्ती' म्हणून मान्यता घ्या.
- जिल्ह्यातल्या परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटा. मुलाचा सामाजिक तपास अहवाल तेच करतात. विहार समाजसेवेसाठी जागा देईल, असं त्यांना लेखी कळवा.
- वस्तीतल्या सर्व मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले आत्ताच काढून ठेवा.
- मुलाचं नाव, फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. कलम ७४ नुसार तो गुन्हा आहे. निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांनी चारित्र्य दाखल्यात उघड करायची नसते, हेही पालकांना सांगा.
- मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाचं सात वर्षे काम असेल तर मंडळाच्या सदस्यपदासाठी अर्ज करा. तिथे आपली माणसं असली पाहिजेत.

मज्झिम निकायात पुढचा प्रसंग येतो. भिक्खू झालेला अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याच्यावर दगड मारले. तो बदलला होता, गाव बदललं नव्हतं. आपल्या वस्तीत परतणाऱ्या पोराच्या बाबतीत तसं होऊ नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!